नंदनवनातला बंद जिना

पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि माझा तोल गेला. पडले नाही, पण अंगाला असा काही हिसका बसला की खांद्यावरची पर्स घसरून कोपरापर्यंत आली आणि रबरी कठडा मी दोन्ही हातांनी घट्ट धरला. जिना जागचा हललासुद्धा नव्हता. तो कित्येक वर्षांत हललेला नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. खालच्या पायरीशी 'सरकता जिना बंद आहे, चालत जावे' असा पुठ्ठा सुतळीनं बांधलेला आहे, आणि तो पुठ्ठाही इतका जुना झालाय की त्यावरचं 'बंद' तेवढं वाचता येतं. तरी पाय फसला. डोळ्यांना माहीत होतं, डोक्याला माहीत होतं, पायाला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. तो आपला धरून चालला होता की आता आपल्याला वर नेतील. दर वेळी हे असंच होतं आणि दर वेळी मला हसू येतं. रविवारी भर सकाळी, श्रीरामपुरातल्या नंदनवन मॉलच्या बंद जिन्यावर, नवी मोतिया रंगाची साडी नेसलेली बत्तीस वर्षांची घोडी एकटीच हसतेय, हे बघायला सुदैवानं कुणी नव्हतं. वॉचमन बन्सी होता, पण तो दाराशी खुर्चीत मान टाकून झोपला होता, आणि जागा असता तरी त्याला माझी सवय आहे.

मी अशा ठिकाणी जाते हे घरात कुणाला माहीत नाही. नगरला एका दवाखान्यात मी एक्स-रे काढते, केडगावला भाड्याची खोली घेऊन राहते आणि पुणतांब्याला आईला फोनवर सांगते की रविवारी डबल ड्यूटी असते. प्रत्यक्षात सकाळची एसटी धरायची आणि उत्तरेला निघायचं. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव. मधे एक काळ असा आला होता की आमच्या उत्तर भागात प्रत्येक तालुक्याच्या गावाला आपापला मॉल हवासा झाला. शेजारच्या तालुक्यानं बांधला, मग आपणच काय घोडं मारलंय, एवढंच कारण. कालव्याला पाणी होतं, ऊस होता, बांधणारे होते आणि येणारे येतीलच असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आलेही. लोक टेम्पो भरभरून आले, जिन्यावर बसून वर गेले, गार हवा खाल्ली, आइसक्रीम खाल्लं, आणि बस्ता बांधायला मात्र मेन रोडच्या आपल्या नेहमीच्या दुकानात गेले. तिथं गादीवर मांडी घालून बसता येतं, शेठ चहा मागवतो, पोरं साड्यांचे ढीग उलगडतात आणि चार बायकांनी चार नावं ठेवल्याशिवाय एकही साडी बाजूला पडत नाही. हँगरला लटकलेली, किमतीची चिठ्ठी लावलेली साडी मुकाट्यानं उचलून आणायची म्हणजे आमच्या लोकांना लग्न अर्धवट झाल्यासारखं वाटतं. मग मोबाइलवर सगळं घरपोच यायला लागलं आणि जे काही टिकून होतं तेही एकेक करून उठलं. आता नंदनवनात खाली मोबाइलच्या कव्हरांचं एक दुकान आहे, एक जेन्ट्स पार्लर आहे, आणि मागच्या बाजूला टायपिंगचा क्लास आहे. बाकी शटरं.

पण ती शटरं काय सुंदर आहेत! प्रत्येकावर जुन्या दुकानाच्या नावाची फिकट जागा उरली आहे; अक्षरं काढून नेली तरी त्यांच्या मागचा रंग ताजा राहिलाय, त्यामुळे नाव अजून वाचता येतं. पहिल्या मजल्यावर पोरांच्या खेळायच्या जागेत रंगीत चेंडूंचा हौद आहे. चेंडूंचे सगळे रंग उडून आता एकच कसलासा दुधी रंग झालाय. एका काचेमागे हात नसलेली पुतळी उभी आहे, तिच्या कमरेला कुणीतरी प्रेमानं पंचा गुंडाळलाय. वरच्या घुमटातून ऊन खाली येतं, फरशीवर गोल पडतं आणि तासातासानं सरकत जातं. त्याला कुणी ओलांडून जात नाही, कुणी तुडवत नाही. मी त्या उन्हाशेजारी बाकावर बसते. दवाखान्यात दिवसभर मी लोकांना सांगत असते, श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा. प्रत्येकाचं काही ना काही दुखत असतं आणि प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी जाणून घ्यायचं असतं, जे सांगायची मला परवानगी नसते. इथं कुणाला काही नको असतं. ही जागासुद्धा आता कुणाला काही विकू बघत नाही. एके काळी हिनं लायटिंग केलं, अंगभर काच लावली, दारात फुगे बांधले, या या म्हणून घसा कोरडा केला. आता ते सगळं संपलंय आणि ती निवांत बसली आहे. मला तिचा हेवा वाटतो, खरंच वाटतो. मी तेविसाव्या वर्षापासून दारात फुगे बांधून उभी आहे.

हा मॉल उघडला तेव्हा मी बारावीला होते. पुणतांब्याहून आम्ही सगळे आलो होतो आणि बरोबर बनुबाई आत्या होती (आमच्याकडे सासूलाही आत्याच म्हणतात, पण ही वडलांची बहीण). आत्यानं आयुष्यात विहिरीच्या पायऱ्या, देवळाच्या पायऱ्या आणि एसटीची पायरी एवढ्याच बघितल्या होत्या, पण डगमगणारी बाई नव्हे. जिन्याशी आली, सरकणाऱ्या पायऱ्यांकडे नीट बघितलं, वाकून एका पायरीला हात लावून कपाळाला लावला (ती पायरी तेवढ्यात वर निघून गेली), आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. दुकानात शिरताना चपला बाहेर काढायच्या, हे कुणी शिकवायला लागतं का? तिनं काढल्या म्हणून मागच्या बायकांनी काढल्या, मग त्यांच्या मागच्यांनी. दुपारपर्यंत जिन्याच्या पायथ्याशी चपलांची ही रास पडली. गंमत अशी की खाली यायचा जिना मागच्या अंगाला होता. मंडळी वर गेली, हिंडली, मागून खाली उतरली आणि गुळगुळीत फरशीवर अनवाणी, हसत, एकमेकींना ढकलत आपापल्या चपला शोधत फिरायला लागली. आत्याला तिच्या चपला मिळाल्या नाहीत. कुणाच्या तरी नव्याकोऱ्या घालून आली आणि वर म्हणाली, "मालकानं बदलून दिल्या गं, लई भला मानूस." आत्या गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पण इथं आले की मला ती फरशीवरची अनवाणी गर्दी ऐकू येते, सपसप, सपसप, आणि माझ्या पायांना गार वाटतं.

आज मात्र मी अशी सहज आलेली नव्हते. आज मला बघायला येणार होते.

गेल्या वर्षी मी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, अट घातली होती की आता घरी पोहे नाहीत. ट्रे घेऊन येणं नाही, मान खाली घालून बसणं नाही. भेटायचं तर मॉलमध्ये. आबांना वाटलं, पोरगी शिकलेली आहे, कॉफी वगैरे पाहिजे असेल. मी त्यांना तेव्हा कोणत्या मॉलमध्ये ते सांगितलं नाही, आणि का, ते तर कधीच नाही. खरं कारण असं होतं की मला बघायचं होतं, माणूस अशा रिकाम्या जागेत आल्यावर काय करतो. पहिला आला तो इंजिनिअर. त्यानं खांबांवर टकटक केली आणि म्हणाला, इथं जिम टाकली तर तुफान चालेल. दुसऱ्यानं पार्किंग बघून मंगल कार्यालयाचा हिशेब मांडला, वऱ्हाड कुठं उतरवायचं इथपर्यंत. तिसऱ्यानं चेंडूंच्या हौदासमोर स्वतःचं रील काढलं आणि मला फोन धरायला लावला. माणसं वाईट नव्हती हो. पण त्यांच्या शेजारी बसून एक दुपार घालवायची तर मला सारखं बोलत राहावं लागलं असतं. मी आबांना प्रत्येक वेळी सांगितलं, आबा, जमत नाही. ते विचारायचे, "पर का?" चांगल्या, निर्व्यसनी, नोकरीवाल्या मुलाला तो रिकामी जागा रिकामी बघू शकत नाही म्हणून नकार दिला, हे पुणतांब्यात कुणाला पटवून सांगणार?

गेल्या आठवड्यात आबांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "ज्ञाना, एक जामखेडकडचं स्थळ आलंय. पोरगं गुरांच्या दवाखान्यात सरकारी नोकरीला हाय. पर तिकडं पानी न्हाई, आई जलमभर ऊस तोडायला जायाची. मला काय पटत न्हाई. लेक देऊन टँकरची वाट बघत बसवू का मी तिला? मध्यस्थ बाबूरावचा शब्द हाय म्हनून बघून घेऊ, देऊच असं न्हाई. पर हे शेवटचं. ह्याच्यानंतर मी काय स्थळ आननार न्हाई, तुझं तू बघ." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मला वाटलं होतं की मोकळं मोकळं वाटेल. सुटले एकदाची, आता सगळे रविवार आपले. तसं वाटलं नाही. खोलीत उगाच दोनदा झाडून काढलं. एकटीनं हिंडायला मला आवडतं, पण एकटीनंच हिंडायचं असं कुणी ठरवून टाकलं की ते निराळं होतं. आणि दुसरीकडे भीती ही की लग्न केलं तर रविवार जाईल. कुणी दुष्टपणानं काढून घेणार नाही. "कुठं चाललीस?" असं साधं विचारतील, मी सांगेन, ते हसतील, आणि मग मला स्वतःलाच तिथं जायची लाज वाटायला लागेल. याची मला फार भीती वाटते. एवढी जागा आहे माझी, तीही अशी पडकी, आणि ती मला कुणाच्या हसण्यात घालवायची नाही.

तर अशी मी पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून, वेळेच्या बरीच आधी येऊन, खाली बघत उभी होते. साडीचा पदर तीनतीनदा सारखा करत होते आणि त्याबद्दल स्वतःवर चिडत होते. आधी आत आला तो एकटा पुरुष. पांढरा शर्ट, रापलेला रंग, केस थोडे विरळ, हातात हेल्मेट. झोपलेल्या बन्सीकडे बघून त्यानं हेल्मेट आवाज न करता टेबलावर ठेवलं. मग घुमटाकडे मान वर करून तो बराच वेळ बघत राहिला. मी मागे सरकले. तो जिन्याशी आला, पुठ्ठा वाचला, पाय ठेवला, आणि पुढं झुकला. अगदी माझ्यासारखाच, दोन्ही हातांनी कठडा धरून. मग तो हसला. एकटाच, मोठ्यानं, लाज न वाटता. आणि माझा विश्वास बसेना, तो पुन्हा खाली उतरला, दोन पावलं मागे गेला, शहाण्या माणसासारखा पुन्हा चालत आला आणि पुन्हा पाय ठेवला. पुन्हा झुकला. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा त्यानं पायाकडे बोट रोखलं आणि पायालाच म्हणाला, "अरे, बंद आहे तो!" माझ्या तोंडून हसू फुटलं. त्यानं वर बघितलं.

"तुम्ही ज्ञानेश्वरी?" तो जिन्यावरूनच म्हणाला. "मी वैजनाथ. हे तुमचंही होतं का? का माझ्याच पायात काही आहे?"

"होतं," मी म्हटलं. "दर वेळी होतं."

म्हटलं आणि जीभ चावली. दर वेळी म्हणजे मी नेहमी येते हे आलंच त्यात. पण त्यानं ते धरलं नाही. वर आला, कठड्याशी माझ्यापासून हातभर अंतर ठेवून उभा राहिला आणि म्हणाला की आई एसटीनं आलीय, स्टँडवर शौचालयाला थांबलीय, मागून येतेय. पुढं काय बोलायचं ते त्याला सुचलं नाही, आणि मलाही. आम्ही चेंडूंच्या हौदाकडे बघत राहिलो. मी मनात म्हटलं, आता येईल. जिम, कार्यालय, क्लास, रुग्णालय, काहीतरी आता येईलच. खूप वेळ गेला. कबुतरं घुमत होती. मोबाइलवाल्याच्या दुकानात कुणीतरी रेडिओ लावला आणि बंद केला. तो काही बोलला नाही, आणि मला कळलं की इतका वेळ मीही काही बोललेले नाही आणि मला ते जड गेलेलं नाही. मग भीती वाटली, कारण आता गमवायला काहीतरी होतं.

"मी आलोय इथं आधी," तो शेवटी म्हणाला. "पट्टा पडला की, म्हणजे कारखाना बंद झाला की, आम्ही गावाकडं निघायचो. एका वर्षी टोळीतली सगळी पोरं मॉल बघायला आली होती. मी दिवसभर फक्त जिन्यावरून वर-खाली केलं. वॉचमननं हाकललं तेव्हा मी त्याला सांगितलं, काका, जिन्यापाशी चप्पल राहिलीय, आणि पुन्हा चढलो."

"खोटं?"

"छे. सगळ्यांच्याच राहिल्या होत्या. कुणी तरी बाईनं आधी काढल्या म्हणे, मग सगळ्यांनी काढल्या."

मी त्याला आत्याचं सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण हसू आणि रडू एकदम आलं आणि दोन्हींतलं कुठलं बाहेर पडेल याचा भरवसा वाटेना. त्याऐवजी मी एकदम दुसरंच सांगून टाकलं, जे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. की मला डबल ड्यूटी नसते. की मी रविवारी अशा जागा बघत हिंडते. संगमनेरच्या मॉलमध्ये कारंज्याच्या हौदात आता कुणीतरी मेथी लावलीय. कोपरगावला थिएटरच्या मजल्यावर अजून मक्याच्या लाह्यांच्या तेलाचा वास येतो. कशासाठी जाते ते मला माहीत नाही. काही लिहीत नाही, फोटो काढत नाही, नुसती बसते. मी भराभरा सांगत सुटले आणि सांगताना त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. हसला तर कळू नये म्हणून मी कठड्याच्या रबराचा एक निघालेला तुकडा नखानं खरवडत होते.

तो हसला नाही. त्यानं विचारलं, "बरोबर कुणी आलेलं चालतं का? की एकटीनंच जायचं असतं?"

मी येतो तुमच्याबरोबर, असं म्हणाला असता तर मी आतल्या आत आखडले असते. तुम्ही खुशाल जात जा, माझी काही हरकत नाही, असं म्हणाला असता तर चिडले असते, कारण हरकत घेणारा तू कोण? त्यानं विचारलं. मला इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी इतकं विचारलं होतं: स्वयंपाक येतो का, बदली होते का, पगार हातात किती येतो, चष्मा कधीपासून आहे. हे कुणी विचारलं नव्हतं. मी खरंच विचार करायला लागले. कधी एकटीनं, कधी नाही, असं काहीतरी मनात तयार होत होतं, तेवढ्यात खालून आवाज आले म्हणून मी वाकून बघितलं.

आबा आले होते, पुणतांब्याहून गाडीनं, पांढरी टोपी, कडक इस्त्री. आणि वैजनाथची आई आली होती, झुंबरबाई. हिरवं लुगडं, काटक अंग, हातात कापडी पिशवी. बसायला खुर्च्या नव्हत्याच, तेव्हा बाई बंद जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सरळ बसून मोकळी झाली. आबांची पंचाईत झाली. उभं राहावं तर बरं दिसत नाही, बसावं तर तिच्या खालच्या पायरीवर बसावं लागतं. चाळीस एकर बागायतीचा धनी थोडा वेळ टोपी सारखी करत उभा राहिला आणि मग बसला, खालच्याच पायरीवर. बाईनं पिशवीतून फडकं काढलं, सोडलं. भाकरी होत्या. पहिली भाकरी घेऊन ती उठली, बन्सीला खांद्याला हलवून जागं केलं, त्याच्या हातात ठेवली आणि परत येऊन बसली. मग ती आबांशी बोलायला लागली. इतक्या वरून शब्द कळत नव्हते. आबांची टोपी आणि तिचा पदर तेवढा दिसत होता. आणि मग मला आबांचा हात दिसला. तो हात मला माहीत आहे. उसाचा भाव पाडून मागणाऱ्याला, जमिनीचा तुकडा मागायला आलेल्या भावकीला, मला कॉलेजला पुण्याला जायचं होतं तेव्हा मला, आबा तोच हात दाखवतात. तळवा बाहेर, बोटं जुळलेली, मान दुसरीकडे. बाई काहीतरी पुन्हा म्हणाली. आबांनी पुन्हा हात हलवला, जास्त जोरात. बाईचा चेहरा उतरला, वरूनसुद्धा दिसला.

"नाही म्हणतायत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"कोण?"

"आबा. तुमच्या आईला."

वैजनाथनं खाली बघितलं. त्याचा चेहरा बंद झाला, हळूच, सवयीनं. ते मला सहन झालं नाही. आमच्याकडे मुलगी असं काही बोलत नाही. मुलगी आईच्या कानात सांगते, आई वडलांना सांगते, वडील मध्यस्थाला सांगतात, आणि चार दिवसांनी तो निरोप पोचतो तेव्हा त्यात मुलीचा शब्द एकही उरलेला नसतो. मला चार दिवस नव्हते. मी कठड्यावरून वाकले आणि जोरात ओरडले.

"आबा! मला पसंत हाय! न्हाई म्हनू नका!"

नंदनवन बांधणाऱ्यानं दुसरं काही धड बांधलं नसेल, पण घुमट चांगला बांधलाय. माझा आवाज वर गेला, फिरला आणि सगळीकडून खाली आला. मोबाइलवाला दुकानाबाहेर आला. पार्लरमधून अर्धी दाढी केलेला एक माणूस पांढऱ्या फडक्यासकट बाहेर आला. टायपिंग क्लासची टकटक थांबली. बन्सी भाकरी हातात धरून उभाच राहिला. शेजारी वैजनाथ म्हणाला, "आता मला नाही म्हणायची सोयच ठेवली नाही तुम्ही." मी दचकून त्याच्याकडे वळले, त्याला विचारायचंच राहिलं होतं. "म्हणायचं होतं?" मी विचारलं. "छे हो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

"मी कुटं न्हाई म्हनलो?" आबा खालून ओरडले. ते उभे राहिले होते आणि टोपी हातात घेऊन वर बघत होते.

"मग हात कशाला हलवताय?"

"ह्या ताई भाकर खा म्हनत्यात!"

मी जिन्यावरून धावतच खाली आले, एकेक पायरी मोजायची शुद्ध नव्हती. झुंबरबाई फडक्याची गाठ पुन्हा बांधत होती. मान खाली होती. "जाऊ द्या, बाई," ती म्हणाली, मला की आबांना ते कळलं नाही. "चतकोर तरी घ्या म्हनलं, तर न्हाई म्हनायलेत. आमी कोयता धरलेली मानसं. आमच्या हातचं बागायतदाराला चालत नसंल, तर तसं सांगावं. राग न्हाई."

आबांचं तोंड पडलं. जन्मात मी त्यांना एवढं गोंधळलेलं बघितलं नव्हतं. "तसं न्हाई ओ, ताई," ते म्हणाले, "देवाशप्पत तसं न्हाई." आणि थांबले. माझ्याकडे बघितलं, मागून येणाऱ्या वैजनाथकडे बघितलं, पार्लरमधल्या अर्ध्या दाढीकडे बघितलं. मग खाली फरशीकडे बघत हळूच म्हणाले, "लेकीच्या घरचं नातवंड होईस्तवर खात न्हाईत आमच्यात. पानी सुदिक पीत न्हाईत. माझा बाप माझ्या भैनीच्या दारात उपाशी बसायचा. म्हनून न्हाई म्हनलो."

झुंबरबाईचा गाठ बांधणारा हात थांबला. "लेकीच्या घरचं?"

आबा हातातली टोपी फिरवत राहिले.

"आवं पाव्हणं, पन सोयरीक अजून ठरलीच कुटं?"

"माझी ठरली हुती," आबा म्हणाले. "तुमी पैली भाकर त्या वॉचमनला दिली न्हवं का. तवाच ठरली. पोरीला काय म्हनायचं ते पोरगी म्हनंल, मी कोन सांगनार? पर मला घास कसा उतरंल?" आणि एकदम चिडल्यासारखे माझ्यावर उखडले, "आन् तू काय गं, सगळ्या श्रीरामपूरला वरडून सांगतीस!"

झुंबरबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदराआडून ती हसायलाही लागली. बाईचं अंग गदगद हलत होतं. आबा टोपी घालायच्या निमित्तानं पाठमोरे झाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांच्याशी भांडावंसंही वाटलं. इतकं सगळं मनात ठरवून हा माणूस नुसता हात हलवत बसला होता. पण आधी दुसरं काम होतं. मी झुंबरबाईच्या शेजारी, त्या तिसऱ्या पायरीवर, मोतिया साडीसकट बसले. फडक्याची अर्धी बांधलेली गाठ सोडली, आबांनी नाकारलेला चतकोर उचलला, शेंगदाण्याची चटणी लावली आणि घास तोंडात घातला.

"तुला चालतं व्हय गं?" झुंबरबाई म्हणाली.

"मला चालतं," मी तोंडात घास असतानाच म्हटलं.

"तिखट हाय. जामखेडची मिरची हाय ती, बगून खा."

तिखट म्हणजे जाळ होता. कानांतून वाफा आल्या, नाक वाहायला लागलं, डोळे भरून आले. वैजनाथ पाण्याची बाटली घेऊन समोर उभा राहिला. मी बाटली घेतली नाही. हात पुढं केला आणि म्हटलं, "आत्या, अजून द्या."